गच्चीवरचे वाफे, कचऱ्याची गाडी आणि अळू: राजेंद्र नगरच्या एका सोसायटीला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. इंदूरच्या राजेंद्र नगरच्या बाजूला जुनी बैठी घरं पाडून दोन बिल्डिंगा होतायत, खाली पार्किंग वर पाच मजले, मिळून ४८ फ्लॅट, बहुतेक मराठी कुटुंबं. आर्किटेक्टने जे रेंडर (कॉम्प्युटरवरचं तयार बिल्डिंगचं चित्र) दाखवलंय त्यात पश्चिमेच्या अख्ख्या भिंतीवर व्हर्टिकल गार्डन, दोन्ही गच्च्यांवर भाजीचे वाफे आणि गेटपाशी कारंजं. तुम्ही सेक्रेटरी, तेव्हा यातलं काय टिकेल, ओल्या कचऱ्याचं काय करायचं, बाहेरच्या लोकांना आत बसू द्यायचं का, हे सगळं तुमच्याच डोक्यावर. आणि शेवटी तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न, की या सगळ्यात अळू कुठे लावायचं. मला तर तोच सगळ्यात शहाणा प्रश्न वाटला, त्याच्याकडे शेवटी येतो.

मी इंदुरातच बावीस वर्षं हे काम करतोय आणि प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या पहिल्या चार-पाच बागा मेल्या. मातीत खोट नव्हती, रोपांत नव्हती, पण सगळ्या अशा जागी होत्या जिथे माणसाला मुद्दाम उठून जावं लागायचं. एका सोसायटीत लिफ्ट पाचव्यापर्यंत, पुढे अठरा पायऱ्या, मग लोखंडी दार आणि त्याला कुलूप. पहिल्या हिवाळ्यात मेथी-पालक-टोमॅटो असं काही आलं की लोकांनी वर पोहे-जलेबीचा कार्यक्रम ठेवला, फोटो काढले, मलाही बोलावलं. मग चावी कुणाकडे ठेवायची यावरून वाद, मग एप्रिलमध्ये लोक लग्नांना गावी, मे महिन्यात मी गेलो तर माती ढेकळासारखी वाजत होती आणि ड्रिपच्या म्हणजे ठिबकच्या नळ्यांची भोकं बोअरच्या जड पाण्याने बुजून गेली होती. त्याच बिल्डिंगच्या खाली, जिथे मी ड्रॉइंगमध्ये काहीच दाखवलं नव्हतं, तिथे चौकीदाराच्या बायकोने रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरची, कोथिंबीर आणि एक गिलकीचा वेल लावला होता (पुण्याकडचे घोसाळी म्हणतात) आणि तो वेल जिन्याच्या जाळीवरून दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला होता. त्या दिवशी मला जे कळलं ते कॉलेजात पाच वर्षांत कळलं नव्हतं.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न हाच असतो की इथली माणसं रोज, न ठरवता, कुठे थांबतात. इंदुरात याचं उत्तर सोपं आहे भिया, सकाळची कचऱ्याची गाडी. गाणं वाजलं की सगळे डबे घेऊन खाली, आणि दोन मिनिटं का होईना ४८ पैकी तीसेक घरांची माणसं एका जागी उभी असतात. मोठ्या टॉवरमध्ये हाउसकीपिंगवाले कचरा गोळा करतात, पण तुमच्याएवढ्या सोसायटीत अजून लोक स्वतःच उतरतात. तुमच्याकडे ती जागा गेटपासून जिन्यापर्यंतच्या वाटेवरच येणार, म्हणजे कारंजं दाखवलंय तिथेच. तर कारंजं काढा. त्या वाटेच्या दोन्ही अंगाला वाफे घ्या, दीड फूट उंच, म्हणजे कडेवर बसता येतं, रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको कारण एका बाजूने हात दोन फूटच पोचतो आणि मग लोक आत पाय देतात. एक-दोन वाफे अडीच फूट उंच ठेवा, ज्यांना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही त्यांच्यासाठी. नळ दहा पावलांवर हवा. नळ लांब असला की पाणी घालायचं काम माळ्याचं होतं आणि माळी आठवड्यातून दोनदा येतो.

पण थांबा, आधी नॉर्थ बघा. रेंडरमध्ये ऊन सगळीकडे सारखं पडलेलं असतं, तसं काही नसतं. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं खाली आहे, त्यामुळे डिसेंबरात दुपारी बाराला सूर्य साधारण ४४ अंशांवरच असतो, म्हणजे बिल्डिंग जेवढी उंच जवळजवळ तेवढीच लांब सावली तिच्या उत्तरेला. तुमची बिल्डिंग १८ मीटर धरली तर उत्तरेकडचे १८-१९ मीटर भर दुपारी अंधारात, आणि आपल्याकडे भाजीचा खरा सीझन तोच आहे, दिवाळीपासून होळीपर्यंत. तेव्हा गेटची वाट दक्षिणेला किंवा पूर्वेला असेल तर वाफे तिथेच, उत्तरेला असेल तर तिथे बाक, पाणपोई, सायकली ठेवा आणि वाफे दोन बिल्डिंगांच्या मधल्या पट्ट्यात ऊन कुठे पोचतं ते बघून. आर्किटेक्टला सांगा २१ डिसेंबरची सकाळी दहा ते दुपारी तीनची सावली काढून द्या, सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांचं काम आहे, नाही म्हणाला तर मला आश्चर्य वाटेल.

व्हर्टिकल गार्डनबद्दल फार लिहीत नाही. सगळ्यांच्या डोक्यात मिलानचे ते दोन टॉवर असतात, स्टेफानो बोएरींचे, २०१४ चे, सुमारे ८०० झाडं बाल्कन्यांमध्ये. सुंदर आहेत, पण तिथे झाडं भिंतीवर चिकटवलेली नाहीत, बाल्कनीच्या काँक्रीटच्या खोल कुंड्यांत आहेत, आणि छाटणीला वरून दोराने माणसं उतरतात, त्याचा खर्च राहणारे देतात. तुमच्या रेंडरमध्ये आहे ते म्हणजे प्लास्टिकच्या खिशांत मूठभर माती, पश्चिमेची भिंत, आणि ४२ डिग्रीचा मे. पंप दोन दिवस बंद पडला की संपलं. भिंत थंडच ठेवायची असेल तर भिंतीपासून फूटभर लांब स्टीलच्या तारा ताणा आणि खाली जमिनीत मधुमालती, कृष्णकमळ लावा. मूळ जमिनीत असलं की वेल स्वतःची सोय बघतो.

आता गच्ची. मी गच्चीच्या विरुद्ध नाही, तुमची बिल्डिंग अजून कागदावर आहे हा मोठा फायदा आहे, तो घालवू नका. आयएस ८७५ (बिल्डिंगवरच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे येण्याजाण्याच्या गच्चीला साधारण दीडशे किलो प्रति चौरस मीटर लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरतात. आता एक फूट साधी बागेची माती, पावसात भिजलेली, एका चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर जाते. म्हणजे तिपटीहून जास्त. लोक म्हणतात आमच्याकडे एवढ्या कुंड्या आहेत काही झालं नाही, हो, नाही झालं, कारण डिझाइनमध्ये मार्जिन असतं, पण ते मार्जिन भूकंपासाठी आणि ठेकेदाराच्या हातचलाखीसाठी ठेवलेलं असतं, वांग्यांसाठी नाही. तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला आत्ताच लिहून द्या की गच्चीचा अमुक पट्टा, शक्यतो बीमवरचा आणि जिन्याच्या टॉवरला लागून, चारशे-पाचशे किलोचा हवा. सगळी गच्ची तशी करायची गरज नाही, पैसे वाया. आणि माती हलकी करा, कोकोपीट, कंपोस्ट, थोडी लाल माती, वीस सेंटीमीटर पुरते पालेभाजीला.

वॉटरप्रूफिंगवर तर मी पुस्तक लिहू शकेन इतका मार खाल्लाय. आपल्याकडे ब्रिक बॅट कोबा आणि वर चायना मोझॅक म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे, हे ऊन-पावसाला चांगलं आहे, मुळांना अजिबात नाही. कोब्यात विटांचे तुकडे असतात, एकदा पाणी आत गेलं की ते दहा-पंधरा फूट फिरतं आणि भलतीकडेच कुणाच्या तरी बेडरूममध्ये टपकतं. एका ठिकाणी गळती दिसली वाफ्याखाली, आम्ही वाफा उखडला, सगळं पुन्हा केलं, पुढच्या जुलैत पुन्हा तेच, शेवटी कळलं की पाणी येत होतं गच्चीच्या कठड्याच्या कोपऱ्यातून जिथे पिंपळाचं बोटभर रोप उगवलेलं. तर क्रम असा ठेवा, स्लॅबला शंभरात एक उतार, पाणी अडवणारी मेम्ब्रेन, त्यावर पातळ काँक्रीटचा थर, आणि मग निदान ४८ तास पाणी भरून खालच्या फ्लॅटची सीलिंग बघायची. त्याआधी एक कुंडी वर जाता कामा नये. थेट स्लॅबवर माती टाकायची असेल तर मुळं अडवणारी शीट, पाणी वाहून नेणारे ड्रेन सेल, माती गाळून धरणारं जिओटेक्सटाइल कापड हे सगळं लागतं. त्यापेक्षा माझं मत सरळ आहे, पायांवर उभे ट्रे घ्या, खालून झाडू फिरला पाहिजे. झाडू फिरला की गळती, उंदीर, मुंग्या सगळं वेळेत दिसतं. आणि वरच्या वाफ्यांवर दहा जणांचाच हक्क ठेवा, ज्यांना खरंच हौस आहे त्यांचा. सार्वजनिक शेती खाली.

काळ्या मातीचं एक सांगायचं राहिलं. राजेंद्र नगर, सुदामा नगर, सगळीकडे आपली माळव्याची काळी माती, पाणी मिळालं की फुगते, सुकली की हात जाईल एवढ्या भेगा. बिल्डिंगला चिकटून वाफे केले आणि तिथेच रोज पाणी घातलं तर एका बाजूची माती ओली दुसऱ्या बाजूची कोरडी, मग प्लिंथ प्रोटेक्शन (बिल्डिंगभोवती जमिनीलगतचा काँक्रीटचा पट्टा) उचललं जातं, फरशा हलतात, कंपाउंड वॉल तर हमखास तडकते. वाफा भिंतीपासून निदान दोन मीटर लांब, पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, रिचार्ज पिट, त्याहून लांब. आणि फायर ब्रिगेडच्या गाडीची वाट मोकळी सोडा, एमओएसमध्ये, म्हणजे बिल्डिंगभोवती नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत, वाफे घुसवून नंतर तोडलेले मी पाहिलेत.

पाण्याचा हिशोब करूया कारण इथेच बहुतेक ग्रीन डिझाइन उघडं पडतं. आपण पितो ते नर्मदेचं पाणी निमाडातून, जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटर लांबून घाट चढवून पठारावर आणलेलं आहे. ते पाणी कोथिंबिरीला घालायला मला तरी लाज वाटते. आता तुमच्या दोन्ही गच्च्या मिळून ९०० चौरस मीटर असतील, इंदूरचा पाऊस वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास, थोडं वाया गेलं धरा, तरी साडेसहा लाख लिटर पाणी गच्चीवरून उतरतं. त्यातलं बहुतेक बोअरला रिचार्ज करा. वाफे धरा १२० चौरस मीटर, उन्हाळ्यात एका चौरस मीटरला रोज पाच लिटर, म्हणजे ६०० लिटर, मार्चपासून पाऊस येईपर्यंत शंभर दिवस, साठ हजार लिटर. पाच बाय चार बाय तीन मीटरची एक जमिनीखालची टाकी. एवढंच. पार्किंगच्या खोदकामातच ती करून घ्या, नंतर कुणी करत नाही.

टाकी जमली नाही तर आंघोळीचं पाणी. वॉशिंग मशीनचं नको, पावडरीतलं सोडियम काळ्या मातीत बसलं की ती सिमेंटसारखी होते. आरओचं वाया जाणारं पाणी लोक मोठ्या अभिमानाने कुंडीत ओततात, त्यात क्षार दुप्पट झालेले असतात, त्याने फरशी पुसा. बाथरूमची लाइन वेगळी काढायची तर प्लंबिंग ड्रॉइंग व्हायच्या आत सांगा, म्हणजे या महिन्यात.

ओल्या कचऱ्याबद्दल तुमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की पालिका नेतेच आहे, देवगुराडियाला २०२२ पासून ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा ५५० टन रोजचा बायो-सीएनजी प्लांट आहे, मग आपण कशाला घाण करायची. मुद्दा चुकीचा नाही. सगळा कचरा घरी जिरवायचा हट्ट करू नका, वाफ्यांना लागेल तेवढाच ठेवा, बाकी गाडीत. पण जो ठेवाल तो नीट करा, आणि नीट कसा करायचा हे इंदूरएवढं कुणाला माहीत असायला हवं! जगभर ज्याला इंदूर पद्धत म्हणतात ती कंपोस्टची पद्धत इथेच ठरली, अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकरांवर, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. आणि त्यांच्याबरोबर हे काम करून लिहिणारे सहकारी होते यशवंत वाड, आपले मराठी माणूस, ज्यांचं नाव इंदुरातही फारसं कुणी घेत नाही. युरोपात सेंद्रिय शेतीवाल्यांच्या घराघरात पोचलेली गोष्ट आणि आपण मात्र हजारो रुपयांचं इलेक्ट्रिक कंपोस्टर मशीन विकत घेतो, जे वीज खाऊन भाजी फक्त वाळवतं.

हॉवर्ड-वाड यांचं सूत्र साधं होतं. काडीकचरा, शेण, गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती, थोडी राख, असे थर, खड्डा उथळ म्हणजे दोन-तीन फूटच, हवा खेळली पाहिजे म्हणून तीन वेळा पालटायचं आणि साधारण तीन महिन्यांत खत. कपाशीच्या कडक पऱ्हाट्या कुजत नाहीत म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर अंथरून गाड्यांखाली चिरडून घ्यायचे. हा कडक-कोरड्याचा विचार आपल्या सोसायट्यांत कुणीच करत नाही. आपण डब्यात नुसती भाजीची सालं आणि उरलेला भात टाकतो, चार दिवसांनी वास, अळ्या, आणि मग तिसऱ्या मजल्यावरचे काका मीटिंग बोलावतात. एक डबा ओलं तर दोन डबे सुकी पानं, एवढं पाळलं तर वास येत नाही. सुकी पानं फाल्गुन-चैत्रात झडतात तेव्हाच जाळीच्या एका पिंजऱ्यात वर्षभराची भरून ठेवा, हीच खरी गुंतवणूक. शेण मिळालं तर घोळून शिंपडा, नाहीतर जुनं खत दोन मुठी. तुमच्या ४८ घरांतून माझ्या अंदाजाने रोज तीसेक किलो ओलं निघेल, त्यातलं दहा किलो ठेवलंत तरी १२० चौरस मीटरला भरपूर. आणि पिंजरा लपवू नका, मागे जनरेटरजवळ ढकलू नका, वाटेवरच ठेवा. लपवलेला खड्डा सडतो.

राहिला प्रश्न बाहेरच्यांचा. यावर तुमच्या कमिटीत दोन तट पडलेत असं दिसतं आणि मी कुठल्या बाजूचा हे सांगूनच टाकतो, बाहेरच्यांना बसायला जागा हवी. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार १९१७-१८ ला इंदुरात होते, शहराचा आराखडा दरबारला १९१८ मध्ये दिला. प्लेगचे दिवस होते. दिवाळीच्या सुमारास त्यांनी मिरवणूक काढली आणि ती कुठल्या रस्त्याने जाणार हे तिथल्या लोकांनी घरं-गल्ल्या किती साफ केल्यात त्यावर ठरवलं, असं सांगतात. म्हणजे स्वच्छतेत पहिला नंबर काढायची आपली हौस शंभर वर्षं जुनी आहे! पण त्यांचा मोठा मुद्दा वेगळा होता, घाण नाल्यात न सोडता मातीला द्यायची, तिच्यावर बागा करायच्या, आणि जुन्या वस्त्या सरसकट पाडण्यापेक्षा मधल्या मोकळ्या जागा, विहिरी, झाडाखालचे पार जपायचे. नंतर १९८० च्या दशकात आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी इथेच अरण्य नावाची वस्ती केली, लहानात लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा, आणि तरी प्रत्येक घरापुढे ओटा ठेवला. १९९५ चं आगा खान पारितोषिक मिळालं त्याला. त्या ओट्यावर मी तासन्‌तास बसलोय, कुणी भाजी निवडतंय, कुणी शिलाई मशीन चालवतंय, कुणी तुळशीची कुंडी ठेवलीय, तो रस्त्याचाही नाही आणि घराचाही नाही. नंतर बरेच ओटे घरात ओढून खोल्या झाल्या, तेही खरं, पण जिथे उरलेत तिथे गल्ली जिवंत आहे.

तुमच्याकडे हे कसं करायचं, तर रस्त्याकडच्या कोपऱ्यावर कंपाउंड वॉल दोन मीटर आत घ्या. भिंतीच्या बाहेर एक लांब ओटा, एक कडुनिंब, एक माठ. बस. गेटच्या आत कुणाला घेऊ नका हवं तर, मी त्यावर भांडणार नाही. मी एका ठिकाणी हे केलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिथे एक भाजीचा ठेला उभा राहिला आणि तक्रारी सुरू झाल्या, अतिक्रमण होईल, घाण होईल. सहा महिन्यांत तोच ठेलेवाला सोसायटीच्या वाफ्यांवरची पांढरी माशी बघून काय फवारायचं ते सांगत होता आणि निवडून उरलेला पाला तोच कंपोस्टात टाकत होता. सगळीकडे असं होईलच असं नाही, एका दुसऱ्या ओट्यावर रात्री दारूच्या बाटल्या निघायला लागल्या, तिथे दिवा लावला आणि ओटा अर्धा केला.

बाहेरचं उदाहरण कमिटीला दाखवायचंच असेल तर मिलानऐवजी सिंगापूरचं कम्पुंग अ‍ॅडमिरल्टी दाखवा, वोहा नावाच्या फर्मचं काम. तळाला सगळ्यांना खुला चौक, वर खाण्याचे स्टॉल आणि दवाखाना, ज्येष्ठांची १०४ घरं, आणि पायऱ्यापायऱ्यांच्या गच्चीवर भाजीची शेती जी तिथलेच आजी-आजोबा करतात. २०१८ ला जगातल्या सर्वोत्तम इमारतीचा मान मिळाला. तिथे शेती, माणसं आणि जिना एकमेकांच्या वाटेत आहेत, हे नीट बघा, पाऊस आणि पैसा आपल्यापेक्षा खूप जास्त आहे हेही बघा.

भाजी वाटायची कशी, याचं. १२० चौरस मीटर भागिले ४८ म्हणजे घराला अडीच चौरस मीटर. त्यात महिन्याची भाजी निघत नाही, कोथिंबीर, पालक, मेथी, पावसाळ्यात भेंडी-गिलकी, एवढंच. ज्यांनी घरोघरी वाफा नंबर घालून दिला तिथे अर्धे वाफे ओसाड पडलेले पाहिलेत. मी सांगेन सगळं सामायिक, शनिवारी सकाळी गाडी येऊन गेली की जो हजर तो घेऊन जाईल. चोरीची भीती मग आपोआपच जाते.

आणि आता अळू. तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. आपल्या जुन्या घरांत मोरीचं पाणी परसात जिथे सुटायचं तिथे अळू, कर्दळ आणि केळ, हे कुणी ग्रीन डिझाइन म्हणून केलेलं नव्हतं, पण आज आम्ही रीड बेड (झाडांच्या मुळांनी सांडपाणी साफ करणारा वाफा) म्हणून ड्रॉइंगमध्ये दाखवतो ते हेच आहे. तळमजल्यावर हात-पाय धुवायचा नळ आहे ना, त्याच्या पाण्याला आधी गाळ बसायला छोटा चेंबर द्या, मग खडी, मग कर्दळीची रांग, आणि अळू तिच्याही पुढे शेवटी, साबण पोचणार नाही तिथे. भांडी घासायचं पाणी तिथे सोडू नका, तेलाने खडी बुजते. थोडी सावली चालते त्याला, म्हणून उत्तरेची बाजू, जिथे बाकी काही येणार नाही, तीच द्या. लावायचं मृगात, आणि पहिले दोन महिने पानं तोडू देऊ नका, फदफद्याची कितीही घाई असली तरी.